पिवळा ठोकळा

पडद्यावरच्या, चंदनच्या क्षेपणास्त्राच्या करड्या नाकाचा चिमुकला शंकू बोटाने अलगद बाजूला सरला आणि आत काहीच नव्हतं — प्रेमराजने मोबाईल डोळ्यांजवळ नेला, चित्र मोठं केलं, गोल फिरवलं, तरी नाही. पिवळा ठोकळा नाही. निदान तेवढा तरी असायला हवा होता, म्हणजे चोर म्हणता आलं असतं... सरळ तोंडावर.

आखाजीचं, अक्षय्य तृतीयेचं जेवण, आमरस अंगावर आलेला. बाहेर निंबाच्या झोक्यावर नूतन आणि मेघा, दोघी बहिणी, माहेरीच हसतात तशा हसत होत्या. खोलीच्या दुसऱ्या टोकाला सासरे, उखर्डूनाना, धाकट्या जावयाच्या, चंदनच्या मोबाईलवर वाकलेले.

"चंदनराव, हाई ते पानीले लागतबी नही. भलतं भारी शे."

"प्रेमराजभाऊंनीच शिकवलं ना, नाना," चंदन म्हणाला.

शिकवलं. हो, मीच शिकवलं, गेल्या आखाजीला, इथेच शिंदखेड्यात, याच बाजेवर — सुटे भाग जोडून विमानं उडवायचा हा खेळ. तेव्हा याला पंख कुठे लावतात ते ठाऊक नव्हतं. जळगावात घर याचं, गाडी याची, नाना पहिली पोळी कोणाला वाढायला सांगतात तेही दिसतं. सगळं घे बाबा, पण हे एक माझं होतं. दोंडाईच्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसताना बसून बसून मी ते नौदलाचं क्षेपणास्त्र उभं केलं — जहाजावरून सुटणारं, मागचा बूस्टर गळाला की पंख उघडणारं, लाटांना घासत जाणारं... आणि समुद्र मी अजून पाहिलेलासुद्धा नाही. शेपूट जड व्हायचं, म्हणून नाकात वजन लपवलं, हळदीसारखा पिवळा ठोकळा. या खेळात दुसऱ्याने चढवलेली वस्तू कोणीही उतरवून उघडू शकतो. चंदनने माझीच उचलून रंग बदलला असणार, याची प्रेमराजला इतकी खात्री होती की जेवताना त्याने भांडणाची वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती.

पण चंदनने इंधनाची टाकीच पुढे सरकवली होती. वजन लागलंच नाही. एवढं साधं... मेल्याला सुचलं कसं, आणि मला कसं नाही? जळफळाट होत होता नुसता.

"प्रेमराजराव, तुमनं दखाडा ना." नाना उठून त्याच्याशेजारी येऊन टेकले.

पडद्यावर चंदनचं होतं. स्वतःचं उघडायला कितीसा वेळ लागणार होता... अंगठा मात्र त्याच्याच उडवायच्या बटणावर दाबला गेला. जहाजावरून ते उसळलं, बूस्टर गळाला, पंख उघडले, पाण्यालगत सरळ धावत सुटलं — आणि प्रेमराजला वाटलं, बुडावं हे, आत्ताच.

"हाई ते अजूनच खाले उडस," नाना खूश झाले. "तुमनं का?"

हो. हा शब्द जिभेवर तयार होता. तेवढ्यात पाठीमागे कोणीतरी उभं असल्याचं जाणवलं. चंदन. त्याने पडद्याकडे पाहिलं; आपलं त्याला ओळखू येणारच होतं.

"भाऊंचंच, नाना," चंदन म्हणाला. "मला कुठं एवढं जमतं."

प्रेमराजची कानशिलं तापली. भांडला असता तर बरं झालं असतं — जुळवलेली वाक्यं निदान वाया गेली नसती. मी म्हटलं असतं का असं, त्याच्याबद्दल? नसतं म्हटलं. कधीच नाही. समोर क्षेपणास्त्र नौकेवर आदळून फुटलं, नाना हसले, आणि प्रेमराजला त्याचं काहीच वाटलं नाही. आता हेवा चंदन या माणसाचाच वाटत होता, आणि माणूस कुठून उघडून बघायचा, हे काही केल्या कळत नव्हतं...