तीन तासांचा नियम

दुपारचे दोन वाजले की बाईंच्या घरात कुकरनंही शिट्टी आवरून धरावी, अशी शिस्त होती. दारावरच्या घंटीची वायर काढलेली, सासूबाईंचा मोबाईल बंद करून कपाटात, आणि आतल्या खोलीचं दार लावून बाईंची दहावीतली लेक सराव पेपर सोडवायला बसलेली. दोन ते पाच तिला कुणी हाक मारायची नाही की काम सांगायचं नाही. घराला आग लागली तरी पाच वाजता कळवू, असं सासूबाई थट्टेनं म्हणायच्या.

नियम बाईंचाच होता. त्या शाळेत गणित शिकवत. पाच वर्षांपूर्वी त्यांनी तो कागदावर उतरवला, पालकसभेत वाटला आणि खाली पालकांच्या सह्या घेतल्या. निकाल वर चढला तसा कागदाचा बोलबाला झाला. मग घराघरांत पाहुणे येईनासे झाले, आजारी माणसं तोंडावर हात ठेवून खोकू लागली. एका आईनं तर सख्खा मामा गेल्याचं मुलाला नऊ दिवस कळू दिलं नाही. बाईंनी भर सभेत तिचं कौतुक केलं होतं.

सासूबाईंनी सारी उमर टपालकचेरीत पत्रं निवडण्यात घालवलेली. एकाचं पत्र दुसऱ्याच्या खणात कधी गेलं नाही, हा त्यांचा अभिमान. सुनेचा नियमही त्यांनी तितक्याच इमानानं पाळला. दोनला त्या खुर्ची ओढून नातीच्या दाराबाहेर बसत आणि पाचला उठत.

त्या दिवशी बाई शाळेत जादा तासाला होत्या. सव्वापाचला घरी आल्या तेव्हा सासूबाई खुर्चीतच होत्या, मान एका बाजूला कललेली. लेक त्यांचा हात धरून जमिनीवर बसली होती. डॉक्टर आले आणि म्हणाले, तासाभरापूर्वी बोलावलं असतं तर काही करता आलं असतं.

बाईंच्या नवऱ्यानं आईच्या जाण्याचा दोष कुणाला दिला नाही. वय झालं होतं, असं म्हणून तो कामावर परतला. येणाऱ्याजाणाऱ्यांनीही तेच म्हटलं. बाईंनाही ते पटवून घ्यायचं होतं, पण लेक जेवेना. चौथ्या दिवशी बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तुला आत काय कळणार होतं, बाळा? दार बंद होतं."

"मी बाहेर आले होते," लेक म्हणाली. "पाणी प्यायला. चार-वीसला."

बाईंनी पुढ्यातलं ताट बाजूला सारलं.

"आजीला दरदरून घाम आला होता. डावा हात चोळत होती. मी विचारलं, तर म्हणाली, पित्त असेल, तू जा, वेळ मोडू नकोस. मग मी गेले."

"तुला काय माहीत, की ते..."

"माहीत होतं, आई. चौथा प्रश्न तोच होता. हृदयविकाराच्या झटक्याची पाच लक्षणं लिहा. मला चारच आठवत होती. आजीकडे बघून पाचवं आठवलं." ती आईकडे बघत नव्हती. "आत जाऊन लिहिलं. पेपर अर्धा सोडून उठायचं नाही, असं तूच शिकवलंयस. मी चुकले का?"

जन्मभर बाईंनी दुसऱ्यांच्या चुकांवर लाल रेघा ओढल्या होत्या. इथे रेघ कुठे ओढायची ते त्यांना लख्ख दिसत होतं.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "तू मी सांगितलं तेच केलंस."

लेकीनं मान हलवली, पण तिला ते पुरलं नाही हे बाईंना कळलं. आईनं चूक कबूल केली म्हणून आजी परत येत नाही, आणि खोलीत परत गेलेली पावलं मागे घेता येत नाहीत. लेकीनं पुढे परीक्षा दिली. निकाल लागला, पण घरात त्यावर कुणी फारसं बोललं नाही.

नव्या शालेय वर्षाच्या पालकसभेत मुख्याध्यापकांनी नेहमीसारखा कागदांचा गठ्ठा बाईंच्या हाती दिला. बाई उभ्या राहिल्या. यंदा कागद वाटणार नाही, असं त्यांनी सांगितलं आणि का नाही तेही सांगितलं. खुर्ची, घाम, चार-वीस, पाचवं लक्षण, काही राखून ठेवलं नाही. मुख्याध्यापक दोनदा खाकरले, तरी त्या थांबल्या नाहीत.

"आपण मुलांना कशाचं उत्तर येतं ते तपासतो," त्या म्हणाल्या. "समोर माणूस कळवळत असेल तर पेन खाली ठेवायचं, हे मी एकाही मुलाला शिकवलं नाही. माझ्या पोटच्या मुलीलाही नाही."

पुढच्या रांगेतली एक आई डोळे पुसत होती. मागून एक गृहस्थ उठले. त्यांचाही आवाज भरून आला होता.

"फार वाईट झालं, बाई," ते म्हणाले. "पण मुलीला गुण किती पडले शेवटी?"

कुणी हसलं नाही, कुणी त्यांना खालीही बसवलं नाही. सगळे बाईंकडे बघत राहिले, डोळे पुसणारी ती आईसुद्धा. आणि बाईंना शरम वाटली ती त्या गृहस्थांची नाही. आकडा, पॉइंटापुढच्या अंकांसकट, त्यांच्या स्वतःच्या जिभेवर येऊन थांबला होता.