बत्त्याची कावीळ

"पिवळं निघालं! अहो बघा, पिवळं निघालं!"

गोदामात एकच गलबला उठला. मागचे टाचा उंचावून बघू लागले, पुढचे हात जोडून दोन पावलं मागे सरले. टेबलावरच्या काचेच्या वाडग्यात चुन्याचं पाणी होतं, दुधासारखं पांढरं. एका ट्रक ड्रायव्हरने त्यात हात बुडवले होते आणि त्याच्या बोटांच्या बेचक्यांतून पिवळाधम्मक रंग सुटत होता. हातधुवे बाबा वरून तांब्याने धार सोडत होते आणि सूर लावून म्हणत होते,

"उतर गं पिवळे, उतर खाली,
रक्तातून निघाली, हाताशी आली.
हाताशी आली, पाण्यात गेली,
सोन्याच्या देहाची सुटका झाली!"

"झाली!" गर्दी ओरडली.

दारात उभी राहून डॉक्टरीणबाई हे बघत होती. हॉस्पिटलमधून ती थेट इथे आली होती, कोट काढायलाही थांबली नव्हती. ती थकली होती, पण हा शीण झोपून जाणारा नव्हता. हल्ली तिच्या वॉर्डात येणाऱ्या कावीळवाल्यांचे हात आधी इथे धुऊन झालेले असत. यायचे तेव्हा उशीर झालेला असे. ती समजावायची, ते मान हलवायचे, आणि पुढच्या आठवड्यात त्यांचाच मेव्हणा किंवा चुलता इथल्या रांगेत उभा दिसायचा.

त्यात भर म्हणजे ती वैद्याची मुलगी. वडिलांच्या दुकानात, काढ्यांच्या वाफेत लहानाची मोठी झालेली. पुढे डॉक्टरकी शिकली ती मात्र विलायती. हॉस्पिटलमधले जोडीदार चेष्टा करत, "काय वैद्यराज, आज कोणता काढा?" आणि गल्लीतली माणसं म्हणत, "बापाची विद्या टाकून सुया टोचायला गेली." दोन्हीकडच्यांना उत्तर देणं तिने कधीच सोडलं होतं.

आज ती आली होती भाचीसाठी. सकाळी वहिनीचा फोन आला होता. "वन्सं, पोर दिवसभर झोपून असते हो. मला आई म्हणायच्या ऐवजी भलतंच काही म्हणते. पोटात सात महिन्यांचं आहे, आणि हे म्हणतात, आज शेवटचं धुणं, मग बरी होईल. तुम्ही याच."

ड्रायव्हर उठला, वाडग्यात ताजं चुन्याचं पाणी भरलं गेलं आणि त्या खुर्चीवर भाचीला बसवलं गेलं. पोरीचा बाप, म्हणजे वडिलांचं दुकान आता चालवणारा डॉक्टरीणबाईचा दादा, तिच्या खांद्याला धरून उभा होता. बाबांच्या बहिणीने, सगळे तिला मावशी म्हणत, बादलीतला ओला फडका पिळून पोरीचे तळहात आणि मनगटं पुसली. "शुद्धीसाठी हो," ती म्हणाली. मग हात वाडग्यात गेले. गर्दीने श्वास रोखला.

पाणी पांढरंच राहिलं.

"गेली!" बाबांनी तांब्या उंच धरला. "पहिल्या दिवशी हळदीसारखं, दुसऱ्या दिवशी फिकट, आज दूध! कावीळ मुळासकट गेली!"

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. वळून बघतो तर दारात बहीण. "अगं! बघितलंस ना? स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंस?"

ती भाचीपुढे गुडघ्यांवर बसली. पोरीच्या डोळ्यांचा पांढरा भाग लिंबाच्या सालीसारखा झाला होता.

"बाळा, मी कोण?"

पोरीने बराच वेळ तिच्याकडे बघितलं. "शाळेतल्या बाई," ती म्हणाली आणि गोड हसली.

"बरं. हात पुढे कर. पंजे असे उभे धर, रस्ता अडवल्यासारखे."

पोरीने हात पुढे केले. पंजे क्षणभर उभे राहिले, मग लटकन पडले, पुन्हा सावरले, पुन्हा पडले. फांदीवर नीट बसता न येणाऱ्या पाखरांसारखे.

डॉक्टरीणबाई उठून दादाकडे वळली. "दादा, हिचं यकृत काम सोडतंय. त्याचं विष डोक्यात चढलंय. आत्ता भरती करायची. आत्ता म्हणजे आत्ता. बाहेर गाडी उभी आहे."

"अगं पण पाणी पांढरं आलं!"

"दादा, पाणी बघू नकोस, पोरगी बघ."

बाबा हसले. त्यांचं हसू गूळ लावल्यासारखं होतं. "वैद्यांची लेक ना तुम्ही? वडील काय माणूस होते! आणि तुम्हाला आयुर्वेदाचं वावडं? तीन दिवस पोरीला हलवायचं नाही. हलवली की कावीळ उलटते."

"उलटते, उलटते," गर्दीतून कोणी म्हणालं. दाराशी माणसं सरकली, जवळ आली. कोणी अडवलं नव्हतं, पण वाटही राहिली नव्हती. दादाने मुलीच्या खांद्यावरचा हात काढला नाही.

ओरडावं इतका दम तिच्यात उरला नव्हता. ती खाली वाकली, बादलीतला फडका उचलून हुंगला. नुसतं पाणी. टेबलाखाली दुसरी बादली होती, झाकलेली. मावशी पुढे झाली, "अहो, हात लावू नका, सोवळं आहे!" तोवर झाकण निघालं होतं. तिने त्यातला फडका हुंगला, आणि डोळ्यांपुढे चाळीस वर्षांपूर्वीचं दुकान उभं राहिलं.

तुरट, ओला, लाकडाचा वास. झाडाच्या सालीचा. जुलाब थांबवायला वडील ती साल कुटून घेत, आणि कुटायला बसवत या दोघा भावंडांना. एकदा दुकानाला सफेदी चालली होती. कुटता कुटता तिने हात तसेच चुन्याच्या बादलीत घातले, पंजे पिवळेजर्द झाले, आणि तिने घर डोक्यावर घेतलं होतं.

तिने फडका दादाच्या नाकाशी धरला. "कसला वास?"

दादाने वास घेतला.

"मी रडत होते, 'मला कावीळ झाली, मी मरणार' म्हणून. आणि तू काय म्हणालास तेव्हा?"

दादाचे ओठ हलले. "म्हटलं... मेलीस तर तुझा भोवरा मी घेईन."

"आणि आपले बाबा काय म्हणाले होते?"

उत्तरासाठी ती थांबली नाही. टेबलावर मखमलीवर मांडलेल्या खलातून तिने दगडी बत्ता उचलला, झाकल्या बादलीतल्या फडक्याने पुसला आणि चुन्याच्या पाण्यात धरला. पिवळा रंग धुरासारखा निघाला, वाडगाभर पसरला.

"बाबा," ती म्हणाली, "तुमच्या बत्त्याला कावीळ झालीय. दगडच तो, बोलला नाही बिचारा."

कोणीतरी फिसकन हसलं. पण बाबा मुरलेले होते. "अहो, होणारच! इतकी वर्षं लोकांचे रोग त्याने शोषले. शेवटी भरून आला!"

"खरंय की," एक म्हातारी म्हणाली. गर्दीने मान डोलावली.

डॉक्टरीणबाईने डोळे मिटले. हे असंच होतं दरवेळी. एक दार लावलं की यांच्याकडे दुसरं उघडं असतंच.

"साल माझ्या दुकानातली आहे."

आवाज दादाचा होता. इतका हळू, की मागच्यांनी विचारलं, काय म्हणाला?

"साल मीच देतो यांना. पोतं भरून. मीच आणून टाकतो या दारात." त्याने मुलीच्या खांद्यावरचा हात काढून स्वतःच्या कपाळाला लावला. "आमचे वडील म्हणाले होते, सालीचा रस आणि चुना भेटला की पिवळं होतं, त्यात रोगबिग काही नसतो, हात धू आणि कामाला लाग. मला ठाऊक होतं. रोज कुटतो ती साल, आणि मी... इथे उभा राहून... रडलो." तो मावशीकडे वळला. "पहिल्या दिवशी या बादलीतला फडका. दुसऱ्या दिवशी पाणी घालून पातळ केलेला. आज कोरा. होय ना? बोला ना!"

मावशी पदराशी चाळा करत राहिली. बाबांनी तांब्या खाली ठेवला. त्या तांब्याचा आवाज गोदामात सगळ्यांनी ऐकला.

"पण माझी कावीळ तर गेली होती!" ट्रक ड्रायव्हरच्या मागचा एक शिंपी म्हणाला. जवळजवळ गयावया करत.

"जाणारच होती, काका," डॉक्टरीणबाई भाचीला उठवत म्हणाली. "बहुतेकांची कावीळ आराम केला की आपोआप जाते. ती गेली की नाव यांचं होतं. ज्यांची जात नाही ते परत येऊन तक्रार करत नाहीत. ते माझ्याकडे येतात, आणि मग कुठेच येत नाहीत. सरका आता."

माणसं सरकली.

पोर जगली. बाळ वेळेआधी आलं, मूठभर, काचेच्या पेटीत राहिलं, आणि एक दिवस इतक्या जोरात रडलं की नर्स हसल्या. वॉर्डात दादा रोज येई. सकाळच्या उजेडात मुलीची खालची पापणी ओढून बघे, अगदी वडील बघत तसा. जीभ बघे, लघवीचा रंग विचारी, मग बहिणीला रक्ताचे आकडे विचारी.

"बाबा असते तर काय केलं असतं गं?" एकदा त्याने विचारलं.

"पहिल्याच दिवशी इकडे धाडलं असतं. गुंगी असलेली कावीळ ते दुकानात ठेवून घ्यायचे नाहीत. 'ही माझ्या हातातली नाही' म्हणायचे. तेवढं म्हणता येतं तो वैद्य, दादा. काढा देवो नाहीतर सुई."

गोदामाला कुलूप लागलं. हातधुवे बाबा दुसऱ्या गावात दुसऱ्या नावाने बसल्याचं पुढे कानावर आलं. ऐकून तिला नवल वाटलं नाही, दमल्यासारखं मात्र झालं. दुसऱ्या दिवशी तिने तपासणीच्या टेबलावर चुन्याच्या पाण्याचा एक काचेचा वाडगा ठेवला, शेजारी दादाने आणून दिलेली साल आणि वडिलांच्या दुकानातला जुना बत्ता. कोणी पिवळ्या डोळ्यांनी आलं की ती आधी रक्त तपासायला पाठवते, आणि तोवर सोबतच्या माणसाला सांगते, "घ्या, सालीच्या रसात भिजवलेल्या या फडक्याने हा दगड पुसा. आता पाण्यात धरा. आलं पिवळं? आता मला सांगा, याला कुठलं औषध देऊ?"

माणसं हसतात. काही जण हसून झाल्यावर विचार करतात. तिच्यासारख्या थकलेल्या बाईला तेवढं पुरतं.

तुमच्या घरी कोणाचे डोळे पिवळे झाले, तर पाण्याचा रंग बघत बसू नका. माणसाकडे बघा. आणि दगडालाही बरं करणारा कोणी भेटला, तर त्याच्या झाकलेल्या बादलीत काय आहे ते आधी विचारा.