वीस मोजेपर्यंत

माह्या तोंडाले लगाम नाई, हे वणीत साऱ्यायले माहीत हाये. पण त्या दिवशी दारव्ह्याच्या मैदानावर हे तोंड नको तेव्हा उघडलं, अन् पायजे तेव्हा बंद राह्यलं. आठवलं की अजूनबी शरमेनं कान तापतात.

आमची बायकायची सॉफ्टबॉलची टीम हाये. शाळेतल्या, दवाखान्यातल्या, घरच्या, अशा बारा-तेरा जणी संध्याकाळी कॉलनीच्या मैदानावर जमतो. कप्तान मी, पुष्पा. खेळ खरा येते तो एकट्या जमनीले. झरी जामणीकडची कोलाम आदिवासीयची पोर, आश्रमशाळेत असताना राज्यापर्यंत खेळलेली, आता इकडं वनरक्षक हाये. टीमसाठी नव्या बॅटी घ्याले नागपूरले आमी दोघीच गेलतो.

दुकानात जमनीनं एक हलकी बॅट उचलली. एका हातानं समोर सरळ धरली अन् वीसपर्यंत मोजलं.

"टोक खाली नाई आलं त बॅट आपली, ताई. आलं त जड. तानाबाईलेबी झेपली पायजे ना."

तानाबाई आमच्यात सगळ्यात वयस्क, पन्नाशी कधीच उलटली तिची.

दुकानदार हासला. "सही है, लेडीज को हल्के वालेच लगते."

झालं! माह्या अंगाची लाही लाही झाली. "काहून? आमी काय लेच्यापेच्या हावो?" म्हणून मी सगळ्यात जड, काळी बॅट ओढली अन् हात लांब केला. मोजले कायचे, आकडे पळवले नुसते. टोक खाली गेलं, तवा मी धडाधड वीस म्हणून मोकळी झाली.

"अशाच चार द्या."

"ताई, एक डाव अजून पाहू..."

"तू गप वं. कप्तान मी हावो."

पंधरा दिवसानं दारव्ह्यात मॅच होती. चेंडू निघून जाये अन् आमची बॅट मागून फिरे. तानाबाईनं जीव खाऊन बॅट फिरवली अन् मनगट धरून खालीच बसली. हात टम्म सुजला. आमी एकबी रन न काढता हरलो.

"हे मुसळं कोणं निवडले?" आमच्या टीमातली निकिता कडाडली.

साऱ्या माह्याकडं पाहून राह्यल्या. अन् माह्या तोंडून निघालं, "जमनी होती ना संगं. तिलेच समजते त्यातलं."

जमनीनं माह्याकडं पाह्यलं. घडीभर ती काहीच बोलली नाई. मंग म्हणाली, "हो. मले वाटलं, झेपतील."

"जंगलातले झाडं मोजणारीले कायले धाडलं वं बॅटी घ्याले?" निकिता म्हणाली, अन् साऱ्या हासल्या. मी हासली नाई, पण बोललीबी नाई.

त्यानंतर जमनी मैदानावर आलीच नाई. निरोप धाडला त म्हणे ड्युटी हाये. इकडं निकिता दुसरी पोरगी शोधाले लागली. माय वं, जमनीचा खेळच हिसकला मी! शेवटी तिच्या घरी गेली अन् आन घालून तिले मैदानावर आणलं.

साऱ्यायसमोर ती काळी बॅट मी एका हातानं धरली. "मोज निकिता, मोठ्यानं."

अकरावर टोक मातीले टेकलं.

"दुकानातबी असंच झालतं," मी म्हटलं. "वीस मी खोटे मोजले. जमनी नाई म्हणून राह्यली होती. बॅटी मी घेतल्या अन् नाव तिचं केलं."

तानाबाई पट्टी बांधलेल्या हाताकडं पाहत राह्यली.

जमनीनं माह्या हातातून बॅट घेतली. "दुकानात नऊच झालते, ताई. मीबी मोजत होती."

"मंग दारव्ह्यात बोलली काहून नाई, बाप्पा?"

"थांबली होती ना मी घडीभर," ती म्हणाली. "वाटलं, तुमी बोलसान."