मूळ मजकुराशी जुळतो

यज्ञेश्वर बिडकरांनी दिल्लीतल्या एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षं चिनी वर्तमानपत्रं वाचली. सकाळी गठ्ठा यायचा, त्यातलं कामाचं निवडून इंग्रजीत उतरवायचं, खाली सही करायची आणि वर पाठवून द्यायचं. त्यांच्या सहीच्या कागदावर कुणी कधी शंका घेतली नाही. निवृत्तीनंतर ते कोल्हापूरला परत आले, टाकाळ्यावर फ्लॅट घेतला आणि दिल्लीत असताना ठरवलेलं काम हाती घेतलं. जुन्या चिनी कवितेत आणि बोलण्यात माणसाचा बाणा सांगणारे जे शब्दप्रयोग आहेत, त्यांचा मराठी कोश करायचा.

पाच वर्षांत चारशेच्या वर शब्दप्रयोग झाले होते. एकेका शब्दासाठी ते आठवडा घालवत. लाच न घेणाऱ्या अधिकाऱ्याला चिनीत 'दोन्ही बाह्यांत निर्मळ वारा' असं म्हणतात. त्या काळी झग्याच्या रुंद बाह्यांतच चीजवस्तू ठेवायची पद्धत होती. ह्याच्या बाह्या झटकल्या तर वाऱ्याशिवाय काही निघायचं नाही. हे त्यांनी चहाच्या वेळी बायकोला समजावून सांगितलं. प्रमोदिनीबाई भूगोलाच्या शिक्षिका होत्या, त्याही निवृत्त झालेल्या. त्या म्हणाल्या, "आपल्याकडं खिसे म्हणायला लागेल." यज्ञेश्वरांना ते आवडलं, पण कोशात त्यांनी बाह्याच ठेवल्या.

त्यांना सगळ्यांत जवळचे वाटत ते दरबारची चाकरी सोडून डोंगरात जाऊन राहिलेले कवी. वरिष्ठापुढं वाकायचं नाही म्हणून अधिकाराची वस्त्रं उतरवून ठेवलेली माणसं. त्यांच्या ओळी वाचताना यज्ञेश्वरांची पाठ आपोआप ताठ होई. आपणही त्यातलेच, असं ते कधी बोलले नाहीत, पण तसं त्यांना वाटत असे.

त्यांचा एकुलता मुलगा सौमित्र एमआयडीसीत उदयसिंहांच्या कारखान्यात व्यवस्थापक होता. वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात दाबून पंपाचे भाग करायचा कारखाना. तिथं चीनहून आणलेली दोन मोठी मशीनं होती. त्यांचे कागद आले की सौमित्र ते बाबांकडे आणायचा. यज्ञेश्वरांना ही कामं कोरडी वाटत, पण पोरगा तेवढ्यानं घरी येतो म्हणून ते हौसेनं करत. सौमित्र, त्याची बायको आणि मुलगी रुईकर कॉलनीत वेगळी राहायची.

मार्चमध्ये तो असंच एक पत्र घेऊन आला. बनवणाऱ्या कंपनीचं होतं, एका पानाचं. यज्ञेश्वरांनी चष्मा लावून ते जागच्या जागी मराठीत वाचून दाखवलं. कारखान्यातलं एक मशीन ज्या वर्षी बनलं, त्या वर्षीच्या सगळ्या मशीनच्या सुरक्षा-दाराचा सेन्सर सदोष निघाला होता. दार उघडं असलं तरी मशीनला ते बंद वाटू शकतं आणि साचा मिटू शकतो. नवा भाग पाठवतो आहोत, तो बसेपर्यंत... आणि मग चार चिनी अक्षरं होती: लगेच वापर थांबवा.

"म्हणजे बंदच ठेवायचं?" सौमित्रनं विचारलं.

"स्पष्ट लिहिलंय."

"मालक ऐकायचे नाहीत. मार्चअखेर आहे." त्यानं पत्र घडी करून खिशात घातलं. "बघतो."

यज्ञेश्वरांनी मान डोलावली. 'बघतो' म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नाही. टेबलावर एक कविता अर्धी उलगडून पडली होती आणि त्यांचं मन तिच्यात होतं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारच्या पाळीत, गुंडू नावाचा कामगार अजून चालूच असलेल्या त्या मशीनचं दार उघडून साच्यात अडकलेला तुकडा काढायला वाकला आणि साचा मिटला. कुरुंदवाडचा माणूस, एकेचाळीस वर्षांचा, त्याच मशीनवर तीन वर्षं काम केलेला. दवाखान्यात न्यायचीही वेळ आली नाही.

चौथ्या दिवशी सौमित्र आणि उदयसिंह दोघंही टाकाळ्यावर आले. सौमित्रचे डोळे आत गेले होते. उदयसिंह गादीवर बसले, पाणी प्याले आणि सरळ मुद्द्यावर आले.

"काका, कारखाना निरीक्षकांनी फायली नेल्यात. त्यात हे पत्र हाय. त्यांना सहीशिक्क्यानिशी भाषांतर पाहिजे, आणि कोल्हापुरात तुमच्याशिवाय कोण देणार?"

"मग देतो की," यज्ञेश्वर म्हणाले.

"पत्र सौमित्रच्या नावानं आलंय," उदयसिंह म्हणाले. "पोचपावतीवर सही त्याचीच. मशीन थांबवा असं त्यात असलं, तर आत कोण जाणार ते तुम्हीच बघा."

त्यांनी झेरॉक्स पुढं केली. कंपनीचा गोल शिक्का नेमका शेवटच्या ओळीवर उमटला होता. मोबाईल समोर धरला तर वरचं सगळं इंग्रजीत यायचं, ती चार अक्षरं मात्र त्याला लागत नव्हती. शिक्क्याखालचं वाचायला सरावलेला डोळा लागायचा.

"'वापरताना लक्ष ठेवावे', एवढंच लिहा," उदयसिंह म्हणाले. "बाकी सगळं आहे तसं."

सौमित्र जमिनीकडे बघत होता. प्रमोदिनीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, तिथून त्या म्हणाल्या, "अहो, त्याची मुलगी दुसरीत आहे."

यज्ञेश्वरांना त्या क्षणी आपल्या कोशातला एक शब्द आठवला. हरणाला घोडा म्हणणं. एका मंत्र्यानं भर दरबारात हरीण आणून त्याला घोडा म्हटलं होतं, कोण हो म्हणतं ते बघायला. जे हरीण म्हणाले ते पुढं उरले नाहीत. डोंगरात गेलेल्या कवींचंही त्यांना आठवलं. त्यांनी चाकरी सोडली हे कवितेत होतं. त्यांच्या मुलांचं पुढं काय झालं, ते कुठंच नव्हतं.

त्यांनी कॉम्प्युटर लावला. तासाभरात भाषांतर झालं. खाली नेहमीचं वाक्य टाकलं, 'सदर अनुवाद मूळ मजकुराशी तंतोतंत जुळतो', आणि सही केली. कागद उदयसिंहांच्या हातात दिला.

बाकीचं काम उदयसिंहांच्या वकिलानं केलं. कंपनीनं लक्ष ठेवायला सांगितलं होतं, लक्ष ठेवलंही होतं. पण काम लवकर उरकावं म्हणून गुंडूनं स्वतःच सेन्सरला तार जोडून तो निकामी केला, असं कारखान्यानं लेखी दिलं. एका फोरमननं तशी साक्ष दिली. ऑगस्टमध्ये वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी आल्या, कामगाराच्या निष्काळजीपणामुळं दुर्घटना. यज्ञेश्वरांनी ते पान घडी करून रद्दीत टाकलं. कोशाचं काम मात्र पुढं सरकेना. ते टेबलाशी बसत, एखादा शब्द काढत, त्याच्यापुढं मराठी अर्थ लिहायला जात आणि तसेच बसून राहत. सौमित्र रविवारी यायचा, जेवायचा, लवकर निघायचा. दोघंही क्रिकेटचं बोलायचे.

सप्टेंबरात एका सकाळी अकराच्या सुमाराला बेल वाजली. दारात चाळिशीच्या आतली एक बाई उभी होती. चप्पल तिनं जिन्यातच काढली होती.

"चिनी वाचणारं मास्तर हितंच ऱ्हात्यात न्हवं?"

"मीच. काय काम होतं?"

"मी अंबूबाई. मशीनीत गेलेल्या गुंडूची बायको."

यज्ञेश्वरांना तिला आत या म्हणायचं सुचलं नाही. प्रमोदिनीबाई पुढं झाल्या, त्यांनी तिला खुर्ची दिली. ती खुर्चीत न बसता भिंतीला टेकून खाली बसली. पिशवीतून तिनं मोबाईल काढला. काचेला तडा गेलेला होता.

"ह्यो त्येंचा फोन. पोलिसांनी परवा परत दिला. ह्यात एक फोटू हाय मशीनीच्या टीव्हीचा. मरायच्या आदी आठ दिवस काढलेला. माझ्या भावानं कम्पुटरवर घालून बघितला, तर म्हणतोय 'दरवाजा हरवला, गाडी पळवू नका'. असलं काय तरी येतंय. तुम्ही वाचून दावा की."

फोटो तिरका होता आणि पडद्यावर ट्यूबलाईटची चमक पडली होती. तरी अक्षरं यज्ञेश्वरांना लागली. त्यांनी फोन जवळ घेतला. फोटोच्या वर, तो ज्याला पाठवला होता त्याचं नाव दिसत होतं. सौमित्र साहेब. खाली गुंडूचा मेसेज होता: साहेब मशीन हे दाखवतय, दार उघड आसताना हालली. काय लिवलय सांगा. आणि त्याखाली सौमित्रचं उत्तर: चालू ठेव, बघतो.

"काय हाय?" अंबूबाईनं विचारलं.

प्रमोदिनीबाई नवऱ्याकडं बघत होत्या. त्यांनी तो मेसेज वाचलेला नव्हता, पण नवऱ्याचा चेहरा वाचला. त्या अगदी हळू म्हणाल्या, "चमक पडलीय त्याच्यावर. नसेल लागत तर तसं सांगा ना."

एवढं म्हटलं असतं तर बाई उठून गेली असती. कोल्हापुरात हे वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. यज्ञेश्वरांनी फोन खाली ठेवला.

"'सुरक्षा-दाराचा संकेत बिघडला आहे. साच्यात हात घालू नये. मशीन बंद करावे,'" ते म्हणाले. "असं लिहिलंय."

अंबूबाईनं फोन उचलून तो फोटो पुन्हा बघितला. मग म्हणाली, "म्हंजे मशीनच सांगत हुती."

"हो."

"आन् तार बिर?"

"तार जोडलेली असती तर हे पडद्यावर आलं नसतं. बिघाड त्याच्या आधीचाच आहे."

"त्येंनी तार जोडली म्हणून गावात समदी बोलत्यात," ती म्हणाली. "माझी सासू जेवत न्हाय. पोराला शाळंत चिडवत्यात, तुझा बाप आपल्या हातानं मेला." ती रडत नव्हती. जे घडत होतं तेवढंच सांगत होती. "हे कागदावर लिहून द्याल?"

"देतो," यज्ञेश्वर म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "आणखी एक कागद आहे. तो मी चुकीचा लिहिलाय."

ती गेल्यावर प्रमोदिनीबाई फक्त एवढंच म्हणाल्या, "त्याला आधी फोन करा. निदान तुमच्या तोंडून कळू दे." यज्ञेश्वरांनी फोन लावला. सौमित्रनं सगळं ऐकून घेतलं. पलीकडं मशीनचा आवाज येत होता.

"बाबा, मार्चमध्ये तुम्हीही वाचलं होतंत," तो म्हणाला. "तेव्हा तुम्ही एकदा तरी म्हणालात का, बंद केलंस का रे म्हणून?"

"नाही म्हणालो."

"मग आता माझ्या नावानंच का लिहिताय?"

"माझ्याही नावानं लिहिणार आहे," यज्ञेश्वर म्हणाले. सौमित्रनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते कारखाना निरीक्षक गणपतराव चौगुल्यांच्या कचेरीत गेले. गणपतराव निवृत्तीला आलेले, सावध गृहस्थ होते. त्यांनी नवीन भाषांतर वाचलं, जुनं काढून शेजारी ठेवलं आणि सोबतचा दोन पानी जबाब वाचला. मग खुर्ची पुढं सरकवली.

"बिडकर, ही शेवटची ओळ काढा. 'पत्रातली सूचना मला मार्चपासून माहीत होती, तरी मी पुढं चौकशी केली नाही.' हे कुणी विचारलंय तुम्हाला? खोटं भाषांतर दिलं, एवढ्यानंच गुन्हा दाखल होतोय. त्यात हे आणि कशाला?"

"खरं आहे म्हणून."

"मुलगा तुमचाच आहे ना?"

"हो."

गणपतरावांनी कागदावर तारीख घातली.

आठवड्याभरात सौमित्रला अटक झाली. कळंब्याच्या तुरुंगात तो सतरा दिवस होता, मग जामीन मिळाला. उदयसिंहांच्या वकिलानं अटकपूर्व जामिनाच्या वेळी कोर्टात सांगितलं की, मालकांना पत्राची कल्पनाच नव्हती, सगळा व्यवहार व्यवस्थापक आणि त्यांचे वडील यांच्यातच व्हायचा. पोचपावती सौमित्रच्या सहीची, मेसेज सौमित्रच्या फोनवरून गेलेला. टाकाळ्यावरच्या त्या दुपारचा काही पुरावा नव्हता. यज्ञेश्वरांनी जबाबात उदयसिंहांचं नाव घेतलं होतं, पण एकदा खोटी सही केलेल्या माणसाच्या शब्दाला काय किंमत, असं वकील म्हणाला आणि ते कुणाला खोडून काढता आलं नाही. उदयसिंहांचं नाव आरोपपत्रातून वगळलं गेलं. मशीनला नवा सेन्सर बसला आणि ते चालू झालं.

सुनेनं मुलीला घेऊन गडहिंग्लजला माहेर गाठलं. सौमित्रही जामिनावर सुटल्यावर तिकडंच गेला. आजोबांशी बोलायचं नाही असं मुलीला कुणी सांगितलं नव्हतं, पण फोन तिच्यापर्यंत पोचेनासा झाला. प्रमोदिनीबाई घरातच राहिल्या. दोन वेळचं जेवण वाढत, औषधं काढून ठेवत, आणि कामापुरतं बोलत. यज्ञेश्वरांनी कोशाची पानं एका खोक्यात भरली आणि माळ्यावर टाकली. दिल्लीचे जुने सहकारी फोन करायचे. ते विचारत, कुठवर आलं? यज्ञेश्वर म्हणत, थांबवलंय.

जानेवारीत कसबा बावड्याच्या कोर्टात खटल्याची पहिली तारीख होती. आरोपी क्रमांक एक सौमित्र, क्रमांक दोन यज्ञेश्वर. सौमित्र वकिलाबरोबर व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. त्याचे केस कानांजवळ पांढरे झाले होते, हे यज्ञेश्वरांना तेव्हा पहिल्यांदा दिसलं. त्यांनी दोन पावलं त्याच्याकडं टाकली. सौमित्रनं वकिलाला काहीतरी विचारलं आणि पाठ केली.

बाकड्यावर अंबूबाई बसली होती, शेजारी तिचा भाऊ. यज्ञेश्वर तिच्यासमोर थांबले.

"गावात आता कळलंय का?" त्यांनी विचारलं.

"कळलंय," ती म्हणाली. "सासूला वाचून दावलं तुमचं कागद. दुसऱ्या दिवशीपासनं जेवाय लागली." तिनं पदर सारखा केला. "पर तुम्हास्नी मार्चातच ठावं हुतं, हेबी त्यातच लिवलंय."

"हो."

"तवा एकदा तर कारखान्यावर आला असतासा. गेटवर नुसतं सांगितलं असतंसा कुणालाबी."

तिनं मान वळवून व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाकडं बघितलं. शिपायानं आतून दोन नावं पुकारली, आधी सौमित्रचं आणि मग त्यांचं.