चालत गेलेलं खुरपं

मी एक जुनं खुरपं आहे, मित्रांनो, आणि एकदा मी भर शेतात चालत गेलो होतो. हसलात? हसा. व्याकरणात खुरपं नपुंसकलिंगी, तरी मी 'गेलो' म्हणतो. हे तण ज्यांना खुपत असेल त्यांनी खुशाल उपटावं. चालण्याची गोष्ट मात्र शेवटपर्यंत ऐका.

लोहाराच्या हाती लागण्याआधी मी एका मालट्रकचा भार पेलणाऱ्या कमानीतला, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगमधला, पोलादी तुकडा होतो. त्यामुळे ओझं सोसायची सवय जन्माआधीचीच. लोहाराने मला तापवलं, ठोकलं, वाकवलं आणि पाण्यात बुडवलं. मी असा काही फुत्कारलो, की भट्टीजवळ झोपलेलं मांजर पळालं ते अजून परतलेलं नाही.

मला विकत घेतलं काकूंनी. त्यांचं सोयाबीनचं शेत होतं. काकू उकिडव्या बसून ओळीओळीने पुढे सरकायच्या आणि मी तणाच्या मुळाशी शिरायचो. एकदा एका गवताची मुळी ओढत गेलो, तर तिचं दुसरं टोक पोस्टातल्या कारकुनाच्या खुर्चीखाली निघालं! त्याने तिच्यावर शिक्का मारून दिला. खोटं वाटत असेल तर त्याला विचारा. तो निवृत्त होऊन दूर राहायला गेला, त्याला मी काय करणार?

"याच्यासारखं पातं कुठे मिळायचं नाही," असं काकू चारचौघींत म्हणायच्या, आणि माझी मूठ फुगायची. पण तेवढ्याच वर्षांत त्यांचे गुडघे झिजले. मला धार लावता येत होती. गुडघ्यांना कोण लावणार?

मग एके दिवशी काकूंचे धाकटे दीर, भाऊजी, नव्या बियाण्याची पिशवी घेऊन आले. शास्त्रज्ञांनी एका सूक्ष्म जीवाचा गुण काढून त्या बियाण्यात बसवला होता.

"वहिनी, यावर तणनाशक मारा. तण माना टाकेल आणि सोयाबीन ढेकर देऊन उभं राहील!"

"अन् माझं खुरपं?"

"त्याला पेन्शन!"

मी खिळ्यावर गेलो. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा माझा जळफळाट झाला. शेजारच्या खिळ्यावरची चाळणीसुद्धा मला 'आजोबा' म्हणू लागली. पण त्या हंगामात मी एक नवल पाहिलं. काकू शेतातून उभ्याने चालत होत्या! इतकी वर्षं मी त्यांची हनुवटी आणि गुडघे एवढंच पाहिलं होतं. त्या ताठ उभ्या राहिल्या की भाऊजींच्या खांद्याच्याही वर जातात, हे मला तेव्हा कळलं. मित्रांनो, त्या बियाण्याचे आभार मी त्याच दिवशी मानले.

बांधालगतच्या पाच ओळी मात्र काकूंनी नव्या बियाण्याला दिल्या नाहीत. तिथे त्यांच्या आईने दिलेलं काळं सोयाबीन होतं. आई गेली, तिच्या घरचं बियाणंही संपलं. उरलं ते एवढंच. ते साधं बियाणं, त्याला तणनाशक सोसणारं नव्हतं. आणि पंचाईत अशी की कोवळेपणी काळ्याची पानं आणि नव्याची पानं जुळ्या भावांसारखी, त्यात त्या ओळींचा बांध दर हंगामाला बदलायचा. म्हणून काकूंनी मला खिळ्यावरून काढलं, त्या ओळींच्या तोंडाशी रोवलं आणि भाऊजींना बजावलं, "खुरपं दिसलं की फवारा बंद!"

झालं, मी पहारेकरी झालो. चाळणीची बोलती बंद.

बरेच हंगाम सुरळीत गेले. मग एका सकाळी काकूंना नव्या सोयाबीनमध्ये एक तण दिसलं. मागचा फवारा पिऊनही ते टुणटुणीत उभं होतं. अशी हट्टी तणं हळूहळू वाढतच होती. काकूंचा हात सवयीने माझ्याकडे आला. त्यांनी मला उपटलं, ते तण मुळासकट काढलं, आणि सवयीनेच काम थांबलं तिथे मला रोवून त्या नळावर पाणी प्यायला गेल्या.

तेवढ्यात पाठीवर पंप घेऊन भाऊजी आले. मी दिसलो तिथलं नवं सोयाबीन त्यांनी इमानाने सोडलं आणि थेट काळ्या ओळींत शिरले. मी ओरडलो! पण पोलादाचं ओरडणं ठोकल्याशिवाय कुणाला ऐकू येत नाही.

ओंजळ तोंडाशी नेता नेता काकूंनी पाहिलं. "भाऊजी! अहो, थांबा! ते माझ्या आईचं आहे!"

त्या धावल्या. तसल्या झिजलेल्या गुडघ्यांनी धावल्या. पण तोवर चार ओळी भिजल्या होत्या.

काही दिवसांत त्या ओळी पिवळ्या पडून सुकल्या. भाऊजी मान खाली घालून बसले. "वहिनी, माझ्या हाताला कुष्ठ..."

"गप्प बसा. खुरपं मीच हलवलं."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मग काकूंच्या डोळ्यांकडे. "तुम्ही कशाला हलवाल? खुरपंच चालत गेलं असेल. म्हातारं झालंय, एका जागी बसवत नाही त्याला."

काकू रडता रडता हसल्या.

उरलेल्या एका ओळीत भाऊजी मला घेऊन स्वतः बसले. "वहिनी, हे खुरपं डावखुरं आहे का हो?"

"उलटं धरलंय तुम्ही!"

त्या ओळीने एक डबा भरून काळे, टपोरे दाणे दिले. पुढच्या पेरणीला तेवढे पुरले, आणि आज त्या पाच ओळींच्या दहा झाल्या आहेत. बाकीच्या शेतात नवं सोयाबीन डोलतं आणि काकूंची पाठ ताठ आहे. फवाऱ्याला न जुमानणारं तण दिसलं की भाऊजी मुकाट्याने उकिडवे बसतात. त्यांच्यासाठी आता दुसरं खुरपं आणलंय; मी जागचा हलत नाही.

तेव्हा मित्रांनो, नव्या वस्तूचं कौतुक जरूर करा, पण जुनीला फेकू नका. आणि वस्तू जिथून उचलाल तिथेच परत ठेवा. ठेवायला विसरलात, तर एखादं चांगलं माणूस जन्मभर स्वतःला दोष देत बसतं.

म्हणून त्या दिवसाबद्दल कुणी विचारलं की मी छाती फुगवून सांगतो: काकूंनी मला हलवलंच नव्हतं. मीच चालत गेलो होतो!