सगळ्या दुर्बिणी वाकड्या

"हीपण वाकडी," आर्वी म्हणाला आणि शिकंज्यापासून बाजूला झाला.

ही चौथी. आमच्या दुकानात बंदुकीवर बसवायची दुर्बीण तपासायची एकच पद्धत आहे. खिडकीतल्या शिकंज्यात ती अडकवायची आणि रस्त्यापलीकडच्या औषधांच्या दुकानावरच्या हिरव्या पाटीवर रोखायची. औषधवाली हिल्क्का याला इतकी सरावली आहे की खिडकीत कोणी वाकलेलं दिसलं की ती हात हलवते. गिऱ्हाईक नवखं असेल तर तेही हलवतं.

आर्वी मोइलानेन नवखा नव्हता. बहात्तर वर्षांचा. छत्तीस वर्षं त्याने रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा ट्रक चालवला. तेवढ्या काळात एकच टपालपेटी पाडली आणि त्या घरी माफीचं पत्र पाठवलं. पोस्टमनने ते कशात टाकलं, हे कोणी विचारलं नाही.

दर ऑक्टोबरात आमच्या गावाची टोळी मूसच्या शिकारीला जाते. घोड्याहून उंच जनावर. एकजण कुत्रा घेऊन त्याला जंगलातून उठवतो, बाकीचे आपापल्या जागी बंदूक घेऊन बसतात. सात नंबरची जागा आर्वीची, चाळीस वर्षांपासून. गावात घरं बदलतात, नवरेही बदलतात, जागा बदलत नाही. फक्त दर तीन वर्षांनी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. पुठ्ठ्याचा मूस, चार गोळ्या, ताटाएवढं वर्तुळ. आर्वीची परीक्षा शनिवारी होती, आणि तो बुधवारी दुर्बीण घ्यायला आला होता.

त्याला सगळ्यात मोठं दाखवणारी हवी होती. मी सगळ्यांना सांगतो तेच सांगितलं. झाडीत जनावर चाळीस पावलांवर येतं. ते बारापट मोठं केलं तर नुसते केस दिसतात, कोणाचे ते कळत नाही. दीडपटीची घ्या, रुंद दाखवते, अंधारून आलं तरी चालते. त्याने शांतपणे ऐकलं आणि बारापटीच्या दुर्बिणीकडे बोट केलं.

मी ती पाचवी अडकवली, आधी स्वतः पाहिलं. काचेवरची नेमाची फुली बरोबर पाटीच्या मध्यावर होती. खाली दारात हिल्क्का हात हलवत होती.

आर्वी वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

"वाकडी. भिंत दिसते, कचऱ्याचा डबा दिसतो. पाटी काढली का तिने?"

मी खिडकीतून पाहिलं. पाटी जागेवर होती. हिल्क्का आता दोन्ही हात हलवत होती.

मी नेहमी काहीतरी विनोद करतो. या वेळी फक्त कधीपासून, असं विचारलं. ईस्टरपासून, तो म्हणाला. उजव्या डोळ्याने बघतो त्याच्या मधलंच तेवढं दिसत नाही, कडेचं सगळं दिसतं. शहरातल्या डॉक्टरने या आजाराचं एक लांबलचक नाव सांगितलं होतं, ते तो तिथेच ठेवून आला होता. डावा डोळाही त्याच वाटेवर होता.

"पण शनिवारी पास होईन मी," तो म्हणाला. "तो पुठ्ठा चाळीस वर्षं एकाच जागी उभा आहे. डोळे मिटूनही लागेल."

ते खरं होतं. भीती त्याचीच होती. टोळीचा कुत्रा घेऊन चालणारा माणूस म्हणजे माझे बाबा, कौको, आणि त्यांची वाट सात नंबरच्या समोरून जाते.

"कौको अजून ते नारिंगी जाकीटच घालतो ना?" आर्वीने दुर्बिणीला डोळा लावूनच विचारलं.

"हो. लांबून दिसावं म्हणून."

त्याने शिकंजा सैल करून दुर्बीण खाली रस्त्याकडे वळवली. मग म्हणाला, "रस्त्यावर आत्ता कोणी आहे?"

होतं. हिल्क्का रस्ता ओलांडून सरळ आमच्याकडे येत होती. आर्वीची दुर्बीण तिच्यावर रोखलेली होती. मी उत्तर दिलं नाही. दाराची घंटा वाजली तेव्हा आर्वी दचकला.

माझ्या पाटीचं काही बिनसलंय का, हिल्क्काने विचारलं, दोघं इतका वेळ काय बघताय?

"पाटी चांगली आहे," आर्वी म्हणाला. ती गेल्यावर त्याने टोपी घातली. "पोरा, ती मला दिसली नाही रे."

दुर्बीण न घेताच तो गेला.

शनिवारी मी बाबांबरोबर मैदानावर गेलो. आर्वी येणार नाही असं मला वाटलं होतं. तो आला होता, दाढी करून, बंदुकीशिवाय. यादी वाचणाऱ्याने नाव घेतलं, "मोइलानेन, आर्वी." तो बाकावरून उठला, गोळी झाडायच्या रेषेपर्यंत चालत गेला, ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "हजर. माझं नाव यादीतून काढा."

मग परत येऊन बाबांच्या शेजारी बसला. बाबांनी सरकून त्याला थोडी जागा करून दिली. पुढचं नाव वाचायला यादीवाल्याला जरा वेळ लागला, आणि तोवर सगळे त्या पुठ्ठ्याकडे बघत होते.