खुंट्याचा दोर

“गो काकी, हात लाव नको, रंग ओलो आसा!” अजय ओरडला. तोवर नर्मदाकाकीने दोन्ही हात खुंट्यावर टेकले होते. तळवे निळे झाले.

“माझो दोर खंय?” तिने विचारलं.

धक्क्यावर माझं चहाचं दुकान आहे, त्यामुळे सुशोभीकरणाचा हा किळसवाणा प्रकार मला समोर बसून बघावा लागला. मलबारची कौलं घेऊन शिडाची गलबतं आमच्या गावी यायची, तेव्हापासूनचा हा होड्या बांधायचा काळ्या दगडाचा खुंटा. दोर घासून घासून त्याला खाचा पडलेल्या. त्या खाचा पुट्टी भरून बुजवल्या, वर निळा रंग फासला, त्यावर गुलाबी मासे काढले, आणि माशांना चक्क पापण्या! शेजारी बसून फोटो काढायला सिमेंटचा शिंपला. बघूनच तोंडाची चव जाते.

आमच्याकडे रीत आहे. दर्यात गेलेला माणूस परतला नाही आणि देहही मिळाला नाही, तर त्याच्या होडीचा दोर घरच्यांनी या खुंट्याला बांधायचा. तो कुणी सोडायचा नाही, कापायचा नाही. ऊनपाऊस खाऊन, कुजून तो आपणहून गळून पडला की माणूस सुटला. मगच त्याचं बारावं. काथ्याचे दोर होते तोवर काही पावसाळ्यांत हे होऊन जायचं. काकीचा नवरा, परशुराम तांडेल, ट्रॉलरसकट गेला. देवबागच्या वाळूत फक्त एक फळी लागली आणि तिला अडकलेला दोर. हिरवा, नायलॉनचा. काकीने रडत रडत तोच आणून बांधला. हा कुजणार कसा, हे त्या दिवशी आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. पुढे तिच्या मुलीचं लग्न झालं, नातवंड शाळेत जाऊ लागलं, दोर जसाच्या तसा. काकी रोज संध्याकाळी येऊन तो चाचपून बघायची. बारावं राहिलं ते राहिलंच.

आणि अजय कोण, तर तिच्या सख्ख्या दिराचा मुलगा. रंगकामाचा ठेका त्याचाच.

“मीच कापलंय तो,” अजय म्हणाला. “उद्या पावणे येतले, ता लक्तर बरा दिसता? आणि तुझ्याच बऱ्याचा झाला मा. नायलॉन जल्मात कुजाचो नाय. आता काकाचा बारावा करून टाक. सुटलो म्हण.”

“चुलतो तुझो तो, मेल्या! लाज नाय वाटणा?” मी दुकानातून ओरडलो.

“भाई, तुमी चाय करा.”

“कापून माणूस सुटना नाय रे,” काकी म्हणाली. तिचा आवाज चढलासुद्धा नाही. “खंय टाकलंस?”

त्याने हनुवटीने माडाखालचा ढीग दाखवला. रंगाचे डबे, थर्माकोल, कामगारांनी बिर्याणी खाऊन फेकलेल्या ताटल्या, त्यांवर घोंघावणाऱ्या माशा. काकीने त्यात कोपरापर्यंत हात घातले. मी उठून मदतीला गेलो.

“तुमी नको, भाई. माझो आसा.”

तुकडे मिळाले. तिने ते समुद्राच्या पाण्यात धुतले, एकमेकांना गाठी मारल्या आणि रंग वाळायची वाट न बघता खुंट्याला आवळून बांधले. एका माशाचा डोळा पार फिसकटला. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी उद्घाटनाला पाहुणे आले. खुंट्यापासून समोरच्या खांबापर्यंत फीत ताणलेली. तिच्याखाली हिरवा दोर बघून अजयने दात खाल्ले, पण चारचौघांत करतो काय? ‘वैभवशाली सागरी वारसा’ या विषयावर भाषण झालं. बोलणाऱ्याने एकदाही समुद्राकडे बघितलं नाही. मग पाहुण्यांनी फीत कापली, टाळ्या झाल्या. कात्री तशीच हातात. त्यांनी दोराकडे बघितलं आणि हसून विचारलं, “हाही कापायचा का?”

लोक हसले. हसणाऱ्यांत आमच्याच गावचे होते, रीत माहीत असलेले. थुंकावंसं वाटलं मला.

काकी पुढे झाली आणि दोरावर हात ठेवून उभी राहिली. तळव्याचा निळा रंग अजून गेला नव्हता.

“नाही साहेब,” ती शुद्ध मराठीत म्हणाली. “हा आपणहून तुटायचा आहे.”

पाहुणे ओशाळले आणि शिंपल्यात फोटो काढून निघून गेले.

संध्याकाळी धक्क्यावर नुसता कचरा उरला होता. काकी नेहमीच्या वेळेला आली. तिने एकेक गाठ दाबून बघितली, दोर थोडा ओढून बघितला.

“घट्ट आसा,” ती मला म्हणाली आणि दिवाबत्ती करायला घरी गेली.